पाळणाघरात नव्याने रुजू झालात? मुलाविषयी शंका आली तर काय करायचं

अडीच वर्षांचं मूल. अंगावर पाणी सांडलं म्हणून तुम्ही त्याचा सदरा बदलताय. मान वळली आणि कानाच्या मागे जांभळट डाग दिसला. सकाळी आलं तेव्हा डोक्यावर टोपी होती, त्यामुळे तेव्हा दिसला नसेल. मूल हसतंय, लाल गाडी मागतंय. तुमच्या पोटात मात्र गोळा आलाय.

नव्या माणसाच्या मनात अशा वेळी तीन गोष्टी येतात. ‘लागलं असेल कुठेतरी’ म्हणून सदरा चढवून मोकळं व्हावं. मुलालाच विचारावं, ‘कोणी मारलं का रे?’ किंवा संध्याकाळी न्यायला येणाऱ्या पालकांना दारातच गाठावं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दुसरी गोष्ट केली होती. तीन वर्षांच्या एका मुलीच्या दंडावर वळ दिसला आणि मी विचारलं, ‘बाबांनी मारलं?’ तिने मान हलवली. मी घाबरून आमच्या ज्येष्ठ ताईंना बोलावलं. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘आता हिला दुसरंच काही विचार, गंमत बघ.’ मी विचारलं, ‘आज शाळेत हत्ती आला होता?’ तिने तितक्याच गंभीरपणे मान हलवली. तो वळ कशाचा होता ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही, कारण पहिला प्रश्नच मी नासवून ठेवला होता.

तेव्हापासून नव्या येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते. छळ झाला की नाही हे सिद्ध करायचं काम तुमचं नाही. तुम्ही पाहायचं, जसंच्या तसं लिहायचं आणि त्याच दिवशी योग्य माणसाच्या हाती द्यायचं. कमी केलंत तर मूल एकटं पडतं, जास्त केलंत तर पुरावा बिघडतो.

रुजू होताना विचारून घ्या

शंका आल्यावर माणसं शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात काही उत्तरं मिळवून ठेवा. मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी इथे कोणावर आहे? त्या व्यक्तीला आपण बालसुरक्षा प्रमुख म्हणू. ती रजेवर असेल तर कोण? आणि शंका तिच्याचबद्दल असेल तर कोणाकडे जायचं? हा तिसरा प्रश्न विचारायला नव्या माणसाला अवघड वाटतं. तरी विचाराच. ज्या संस्थेत त्याचं उत्तर तयार असतं, तिथे बाकीचंही बहुधा जागेवर असतं. ‘आमच्याकडे तसं काही होत नाही’ असं उत्तर आलं, तर तुम्हाला जास्त सावध राहावं लागणार हे समजून घ्या.

आपल्या देशातला कायदाही माहीत करून घ्या. मुलांना छळापासून आणि हेळसांडीपासून वाचवणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १९ सांगतं. पण कळवायचं कोणी आणि कोणाला, हे देशागणिक वेगळं आहे. डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये लहान मुलांची हाडं दरवेळी अपघातानेच मोडत नाहीत हे डॉक्टरांपुढे स्वच्छ मांडलं. त्यानंतर १९६७ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत कळवण्याचे कायदे झाले. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणाही व्यक्तीवर ती कळवण्याचं बंधन घातलं आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत. याच कायद्यात सद्हेतूने माहिती देणाऱ्याला संरक्षणही आहे. शंका खोटी ठरली तर आपल्यावरच बालंट येईल, ही भीती नव्या लोकांना सर्वांत जास्त छळते. म्हणून आपल्या कायद्यात हे संरक्षण कुठे आणि कसं दिलं आहे ते वाचून ठेवा.

बालसंरक्षण यंत्रणेचा, पोलिसांचा आणि मुलांच्या मदतवाहिनीचा नंबर कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मोबाइल नेमका त्याच वेळी चार्जिंगला असतो.

बघायला शिका

धावणारी मुलं पडतातच. नडगी, गुडघा, कोपर, कपाळ, हनुवटी या पुढच्या बाजूच्या, हाडाच्या जागांवर खरचटणं आणि टेंगळं ठरलेली. मऊ आणि झाकलेल्या जागांवरचे डाग मात्र थांबून पाहायचे.

यासाठी डॉक्टर मंडळी टेन-फोर नावाचा नियम वापरतात. तो २०१० मध्ये मांडला गेला आणि २०२१ च्या मोठ्या अभ्यासानंतर त्यात भर पडली. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर काळानिळा डाग असेल, तर डॉक्टरांनी नीट तपासलं पाहिजे. नंतर या यादीत गालाचा मांसल भाग, जबड्याचा कोपरा, पापण्या, डोळ्याच्या पांढऱ्या भागातलं रक्त आणि ओठ हिरडीला जोडणारा आतला पातळ पडदा यांची भर पडली. बोटांचे, पट्ट्याचे किंवा दातांचे ठसे उमटलेले डागही त्यातच येतात. आणि बाळ पाच महिन्यांहून लहान असेल तर अंगावर कुठेही दिसलेला डाग. कारण साधं आहे. जे बाळ अजून पालथंही पडत नाही, ते स्वतःहून कशावर आपटणार?

म्हणजे सुरुवातीला सांगितलेला कानामागचा डाग सोडून देण्यासारखा नाही. त्यावरून घरात मारहाण होते असं सिद्ध मात्र होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवायला जमलं की या कामाचा निम्मा भाग जमला.

इथे दोन चुका हमखास होतात. डागाच्या रंगावरून ‘हा चार दिवसांपूर्वीचा दिसतो’ असं कोणी ठरवतं. तसं खात्रीने सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. म्हणून रंग लिहा, वय लिहू नका. दुसरी चूक जन्मखुणांची. बऱ्याच बाळांच्या कंबरेवर आणि कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर करडे चट्टे असतात आणि ते हुबेहूब माराच्या डागासारखे दिसतात. प्रवेशाच्या दिवशी पालकांसमोर त्यांची नोंद करून ठेवली, की पुढे कोणावर नाहक किटाळ येत नाही.

मार डोळ्यांना दिसतो, हेळसांड हळूहळू उमगते. एक दिवस मळके कपडे घालून आलेलं मूल म्हणजे घाईची सकाळ, दुसरं काही नाही. पण कालची लंगोटी आजही तीच, पुरळ चिघळलेलं, औषधाचं नाव काढलं की पालक विषय बदलतात, मूल आल्या आल्या खाण्यावर तुटून पडतं, हे आठवड्यामागून आठवडे चाललं तर ती हेळसांड असू शकते. कोणत्याही एका दिवसाच्या नोंदीतून हे कळणार नाही, वही मागे चाळली तरच कळेल.

मानसिक छळाचा वळ उठत नाही. मूल चूक झाली की हातांनी डोकं झाकतं, दूध सांडल्यावर स्वतःलाच ‘मूर्ख’ म्हणतं, किंवा मोठ्यांचा आवाज चढला की जागच्या जागी थिजतं. लैंगिक छळातही बहुतेक वेळा अंगावर खूण नसते. वयाला न शोभणारं ज्ञान खेळातून बाहेर येणं, दुसऱ्या मुलाला बळजबरीने तसं करायला लावणं, शू करताना दुखणं, एका ठरावीक माणसाजवळ जायला अचानक नकार देणं यांकडे लक्ष द्या. उलट, तीन-चार वर्षांच्या मुलांना स्वतःच्या आणि एकमेकांच्या शरीराचं कुतूहल असतंच. लक्ष दुसरीकडे वळवलं की ती विसरतात. प्रत्येक कुतूहलामागे छळ शोधायला लागलात तर आठवड्याभरात वेडे व्हाल. पाहायचं ते या मुलाचं नेहमीचं वागणं आणि त्यात पडलेला फरक. मूल ओळखीचं असल्याशिवाय तो फरक दिसणार नाही, म्हणून पहिले काही महिने नुसती मुलं ओळखण्यात घालवा.

मूल बोलायला लागलं तर

मूल समोर बसून निवेदन देत नाही. तुम्ही बुटाची नाडी बांधत असता, मान खाली असते आणि वरून आवाज येतो, ‘दादा मला रात्री त्रास देतो.’ लगेच पुढे, ‘माझा बूट निळा आहे.’

नाडी बांधणं थांबवू नका. चेहरा होता तसाच ठेवा. तुमच्या तोंडावर धक्का दिसला की मूल गप्प होतं, कारण आपण काहीतरी वाईट केलं असं त्याला वाटतं. ते म्हणालं तेच शब्द हळू उच्चारा: ‘दादा रात्री त्रास देतो.’ आणि थांबा. पुढे बोललं तर ऐका. गरज वाटली तर ‘मग?’ किंवा ‘त्याबद्दल अजून सांग’ एवढंच. कोण, कुठे, कसं, किती वेळा हे तुम्ही विचारायचं नाही. ‘त्रास’ म्हणजे गुदगुल्या असतील, पांघरूण ओढणं असेल किंवा आणखी काही असेल. त्याचा अर्थ लावायला प्रशिक्षण घेतलेली माणसं असतात. मूल लहान असेल, तर त्याला मोकळेपणाने सांगायची पहिली संधीच मोलाची असते.

हा माझा बागुलबुवा नाही. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीवर १९८३ मध्ये आरोप झाले. शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या आणि त्यांत बाहुल्या हातात देऊन, पुन्हा पुन्हा, उत्तर सुचवणारे प्रश्न विचारले गेले. खटला १९९० मध्ये संपला, एकालाही शिक्षा झाली नाही. मुलांच्या बोलण्यात त्यांचं स्वतःचं किती आणि मोठ्यांनी घातलेलं किती, हे वेगळं करता येणं अशक्य होऊन बसलं. आज मुलांशी बोलायच्या ज्या पद्धती तज्ज्ञ वापरतात, त्यांच्यामागे अशा प्रकरणांचे धडे आहेत.

मूल म्हणालं, ‘कोणाला सांगू नको हं,’ तर वचन देऊ नका. मोडावं लागेल आणि ते मुलाला कळेल. ‘तुला सुरक्षित ठेवायला मला एका ताईंना सांगावं लागेल. तू मला सांगितलंस ते चांगलं केलंस. यात तुझी काही चूक नाही’ एवढं पुरे. ‘तो किती वाईट माणूस आहे’ असं म्हणू नका. त्या माणसावर मुलाचा जीव असू शकतो.

बोललेलं मूल दुसऱ्या दिवशी ‘असं काही झालंच नाही’ म्हणू शकतं. त्यामुळे आधीचं खोटं ठरत नाही, दोन्ही लिहायचं. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात राष्ट्रीय चौकशी आयोगाने संस्थांमधल्या लैंगिक छळाचा तपास केला. समोर आलेल्या लोकांना आपल्यावर काय झालं हे कोणाला तरी सांगायला सरासरी जवळजवळ २४ वर्षं लागली होती. नाडी बांधताना कानावर पडलेलं एक वाक्य त्या मानाने फार लवकर आलेलं असतं.

लिहा, आणि आजच लिहा

आमच्या जुन्या वहीत एक नोंद होती: ‘मूल आज उदास, घरी मारतात असं वाटतं, आईचं वागणं विचित्र.’ ही नोंद कुणाच्याच कामाची नाही. उदास म्हणजे काय? कोणाला वाटलं? विचित्र म्हणजे कसं?

त्याऐवजी सुरुवातीच्या त्या कानामागच्या डागाची नोंद अशी लिहिता येईल: ‘दुपारी १२.१० ला सदरा बदलताना उजव्या कानामागे जांभळट गोल डाग दिसला, अंदाजे माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. सकाळी ९ ला आलं तेव्हा टोपी होती, डाग पाहिला नव्हता. मी “इथे काय झालं?” एवढंच विचारलं. मूल म्हणालं, “बाऊ. गाडी दे.” पुढे काही विचारलं नाही. त्या वेळी खोलीत दुसऱ्या एक ताई होत्या.’ खाली सही, तारीख, लिहिल्याची वेळ. शेजारी शरीराची बाह्याकृती छापलेली असेल तर तिच्यावर डागाची जागा.

मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत, अवतरणात. अवयवासाठी त्याने घरगुती शब्द वापरला तर तोच लिहा, लाजून शुद्ध करू नका. तुम्ही काय विचारलंत तेही लिहा, चुकीचं विचारलं असेल तरी. तुमचा अंदाज लिहायचाच असेल तर ‘माझं मत’ असं म्हणून वेगळ्या ओळीत. खाडाखोड झाली तर एक रेघ मारा, कागद फाडू नका. स्वतःच्या मोबाइलवर डागाचा फोटो काढू नका, मुलाचे कपडे मुद्दाम उतरवून तपासू नका आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक अक्षरही नको. ग्रुपवर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या गावात होते, आणि त्यात ते मूल ओळखू येतं.

कोणाला सांगायचं, कोणाला नाही

नोंद घेऊन बालसुरक्षा प्रमुखांकडे जा. शिफ्ट संपल्यावर नव्हे, लगेच. मुलांजवळ दुसरं कोणी थांबेल याची व्यवस्था करून जा. मूल जखमी असेल किंवा आत्ता घरी पाठवणंच धोक्याचं वाटत असेल, तर आधी वैद्यकीय मदत आणि पोलीस. वहीचं नंतर बघता येईल.

पालकांना विचारायचं का? सकाळी सोडताना दिसलेल्या साध्या खरचटण्याबद्दल जरूर विचारा, ‘हे कशाने लागलं?’ आणि उत्तर लिहून घ्या. पण शंका गंभीर असेल, लैंगिक छळाची असेल, किंवा विचारल्यामुळे मुलाला घरी मार पडेल असं वाटत असेल, तर पालकांशी कोणी, कधी, काय बोलायचं हे प्रमुख आणि बाहेरची यंत्रणा ठरवतील. तुमचा चांगला हेतू दारातल्या दोन मिनिटांत मुलाच्या अंगाशी येऊ शकतो.

प्रमुख म्हणाल्या, ‘चांगलं घर आहे, मी ओळखते त्यांना, जाऊ दे,’ तर? ‘चांगलं घर’ हा निकष नाही. काय ठरलं आणि का, हे नोंदीखाली लिहून मागा. समाधान झालं नाही तर स्वतः बालसंरक्षण यंत्रणेला कळवा. यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही, आणि जिथे कळवणं कायद्याने बंधनकारक आहे तिथे वरिष्ठांना सांगून तुमची जबाबदारी आपोआप संपत नाही.

बोट सहकाऱ्याकडे जात असेल तर

हे सगळ्यात जड जातं. रोज जिच्यासोबत डबा खातो, तिच्याबद्दल कसं बोलायचं?

२००९ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात लिटिल टेड्स नावाच्या पाळणाघरातल्या कर्मचारी बाईला अटक झाली. तिने तिथल्या लहान मुलांवर लैंगिक अत्याचार करून मोबाइलवर त्यांची छायाचित्रं काढली होती. ती बाई सगळ्यांच्या ओळखीची, बोलघेवडी होती. त्यानंतर इंग्लंडमधल्या पाळणाघरांच्या नियमावलीत मोबाइल आणि कॅमेरा वापरण्याचं धोरण सक्तीचं झालं. मला त्यातून एवढंच कळलं की ‘ती तशी नाही’ हे वाक्य तपासाच्या जागी वापरायचं नाही.

सुरुवात बहुधा छोट्या गोष्टींनी होते. एकाच मुलाला सारखं वेगळ्या खोलीत नेणं. ‘हे आपलं गुपित’ म्हणणं. लंगोटी बदलताना दार लावून घेणं. झोपत नाही म्हणून दंडाला धरून आपटणं, आणि नंतर ‘चिडले ग जरा’. यातलं काही दिसलं की त्या व्यक्तीला जाब विचारू नका, मैत्रिणींशी खल करू नका, सरळ प्रमुखांना सांगा. तुमच्याजवळ एक तुकडा असतो, दुसऱ्या कोणाजवळ दुसरा. ते एकत्र ठेवणारं कोणीतरी लागतं.

संस्था चालवणाऱ्यांनो, तक्रार आल्यावर आधी त्या व्यक्तीला मुलांपासून दूर करा आणि सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जाणार नाही याची सोय करा. बंद दाराआड घरगुती चौकशी करून मग कळवू, असं करू नका. राजीनामा घेऊन प्रकरण मिटवलं की तो माणूस पुढच्या पाळणाघरात अर्ज करतो. कामावर घेताना मागच्या ठिकाणी स्वतः फोन करून विचारण्याचा कंटाळा करू नये, तो यासाठीच.

आणि आरोप तुमच्यावरच होईल अशी भीती वाटत असेल तर? मुलांना जवळ घेणं थांबवू नका. रडणाऱ्या मुलाला कुशीत न घेणारं पाळणाघर काय कामाचं? पण लंगोटी बदलायची ती जागा दुसऱ्याला दिसेल अशी ठेवा, मूल स्वतः करू शकतं ते त्याला करू द्या, अपघात झाला तर तासाभरात लिहा. मुलांना अवयवांची खरी नावं शिकवा आणि ‘नको’ म्हटल्यावर गुदगुल्याही थांबवा. मूल न्यायला यादीबाहेरचं कोणी आलं, अगदी ओळखीचं असलं तरी, पालकांशी बोलल्याशिवाय सोडू नका.

कळवून झाल्यावर

पुढे काय झालं हे बहुतेक वेळा तुम्हाला सांगितलं जाणार नाही. मुलाच्या खासगीपणासाठी ते तसंच असायला हवं, पण मनाला फार लागतं. रात्री झोप लागत नसेल तर मुलाचं नाव-गाव न सांगता प्रमुखांशी किंवा समुपदेशकाशी स्वतःबद्दल बोला. पुन्हा काही दिसलं तर पुन्हा नोंद करा. आधी कळवलंय म्हणून ते गृहीत धरू नका.

मूल दुसऱ्या दिवशी आलं तर कालच्या विषयाचं नावही काढू नका आणि जास्तीचे लाडही नकोत. लाल गाडी खालच्या कप्प्यात असते, ती हाताला येईल अशी ठेवा.